डॉक्टरीणबाईंनी आबांना सांगितलं होतं

कडेगावच्या एस.टी. स्टँडवर माझी ट्रंक आबांनी डोक्यावरून आणली. मामा म्हणत होते, द्या इकडं, पण आबांनी ऐकलं नाही. उन्हाळा संपत आला होता, वारं सुटलं होतं, आणि स्टँडवर लग्नसराईहून परतणाऱ्या माणसांची गर्दी होती. मिरजेची गाडी लागली तसे आबा मागच्या शिडीनं टपावर चढले, ट्रंक कडेला लावली, दोरीनं बांधली आणि दोरी ओढून बघितली. मग खाली येऊन माझ्या खिडकीशी उभे राहिले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं.

"पोचल्यावर कळीव," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. गाडी हलली, आबा मागं राहिले, आणि मी शेजारी बसलेल्या मामीच्या खांद्याला टेकून डोळे मिटले. पोचल्यावर मी कळवलं नाही.

त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी, म्हणजे गलाईसाठी, कुठंकुठं गेली आहेत. मद्रासकडं, केरळात, पार आसामातसुद्धा. कोइमतूरच्या आमच्या गल्लीत संध्याकाळी बायका दारात बसल्या की गावच्या गोष्टी निघतात. कुणाला विहीर आठवते, कुणाला जत्रा. मला विचारलं की मी हसते आणि विषय बदलते. ते जे सांगत नाही, ते आज लिहिते आहे. गावात राहिलेल्यांनी वाचावं, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनीही.

माझा बाप वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते. दारू नाही, शिवीगाळ नाही. आम्ही दोघी बहिणी, मी शालन आणि माझ्यामागची सुमन. मुलगा नाही म्हणून आबांनी कधी तोंड वाईट केलं नाही. मला सातवीपर्यंत शिकवलं. कुणी म्हटलं की दोन पोरीच व्हय गा, तर म्हणायचे, "माज्या पोरी हायत, दगडं न्हाईत." त्या एका वाक्यावर मी लहानाची मोठी झाले. म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं. ज्यानं कधी मायाच केली नाही, तो फसवून काय फसवणार?

आता कडेगावच्या बाजूला ऊस दिसतो. तेव्हा नव्हता. ज्वारी, थोडी मटकी, तीही पाऊस पडला तर. त्यामुळं मला कराडच्या मलकापूरजवळच्या एका बागायती गावातून मागणी आली तेव्हा आबा हरखून गेले. नदीकाठची जमीन, विहिरीवर इंजिन, बारा महिने हिरवं रान. लग्नाच्या आधी ते एकटेच जाऊन शेत बघून आले आणि आईला म्हणाले, "अगं, पाटात पाय सोडून बसलो व्हतो. आपली शाली आता पान्यात ऱ्हाईल."

तसंच झालं. माझ्या लग्नानंतर तो मोठा दुष्काळ पडला. आई, आबा आणि सुमी रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खात होते. आणि मी सासरी उसाच्या सरीत पाणी पाजत होते. एकदा माहेरी गेले तर सुमीच्या हाताला फोड आलेले. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, अंगानं किरकोळ. आबा तिच्या हातांकडं बघत होते, आणि मग माझ्या हातांकडं. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

सासरी मला तसा त्रास नव्हता. नवरा अबोल, कामाला वाघ. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या तोंडानं फटकळ, पण उपाशी ठेवणाऱ्या नव्हेत. फक्त तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि ते त्या कुणासमोरही बोलून दाखवायच्या.

दुष्काळ सरल्यावरच्या हिवाळ्यात मला दोन महिने पाळी आली नाही. पोट जड वाटायला लागलं, अन्नावर वासना राहिना. आत्याबाईंनी ओळखलं, म्हणजे त्यांना वाटलं की ओळखलं. त्यांनी मला भारा उचलायला बंदी केली. चिंच आणून दिली. शेजारणीला बोलावून माझं पोट दाखवलं. पोट एका बाजूनं जरा टणक लागायचं, तर शेजारीण म्हणाली, "मुलगा हाय. मुलगा असाच एका कुशीला बसतोय." नवरा बाजारातून माझ्यासाठी डाळिंबं घेऊन आला आणि न बोलता उशाशी ठेवून गेला. त्या दिवसांत मी किती सुखी होते हे आज लिहायलाही कसंतरी वाटतं.

मग ऊसतोड सुरू झाली. घरात माणूस कमी पडलं म्हणून मी भाकरी घेऊन रानात गेले. परत येताना म्हशीसाठी वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, थोडं घ्यावं म्हणून वाकले, आणि पोटात काहीतरी पिळल्यासारखं झालं. ओला कपडा पिळतात तसं. मी तिथंच सरीत बसले. उलटी झाली. परत कळ आली, आणि मला उभं राहता येईना. तोडकऱ्यांच्या बायकांनी मला उचलून बांधावर आणलं. आत्याबाई धावत आल्या आणि पहिल्यांदा माझं लुगडं बघितलं. रक्त नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय न्हाई, वायगोळा असंल. ओवा खा."

ओव्यानं काय होणार. दुपार टळेपर्यंत माझं पोट फळीसारखं झालं. मग एका बागायतदाराची जीप मागून नवऱ्यानं मला कराडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, "इथं थांबू नका, सांगलीला न्या. आत्ताच." जीपमध्ये मागच्या बाकावर मी आडवी, डोकं आत्याबाईंच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, गेलं, माझं बाळ गेलं. मी त्यांना विचारत होते, "आत्याबाई, पोर ऱ्हाईल न्हवं?" त्या माझ्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. ती एक गोष्ट मी त्यांच्या नावावर आजही लिहून ठेवते.

सांगलीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. पांढरी सुती साडी, जाड चष्मा, केस घट्ट बांधलेले. त्यांनी तपासलं आणि माझ्याकडं वाकून सरळ सांगितलं.

"बाई, पोटात मूल नाही. गाठ आहे, पाण्यानं भरलेली, आणि तिला पीळ बसलाय. आत्ता ऑपरेशन केलं नाही तर तुम्ही वाचणार नाही. कळलं?"

मी मान हलवली. कळलं एवढंच होतं की मूल नाही. ते गेलं नव्हतं, मुळात नव्हतंच. डाळिंबं, चिंच, शेजारणीनं सांगितलेला मुलगा, सगळं एका गाठीचं कौतुक होतं. नाकावर फडकं आलं, उग्र गोड वास आला, आणि मला खरंच वाटलं की आता जागं नाही झालं तरी चालेल.

जागी झाले ती तहानेनं. पोटात शिवलेल्या जागी आग होती आणि पाणी द्यायचं नाही म्हणून ओल्या कापसानं नुसते ओठ पुसत होते. दुसऱ्या दिवशी आबा आले. कुणीतरी निरोप पोचवला होता. माझं रक्त फार गेलं होतं, चढवायला हवं होतं, तर आबाच पुढं झाले. सुईला घाबरणारा माणूस, बाही वर करून बसला. नंतर माझ्या खाटेशी आले आणि माझ्या पायावरून हात फिरवत राहिले.

त्याच दिवशी वॉर्डच्या दारातून मला व्हरांड्यात तिघं दिसत होते. डॉक्टरीणबाई, आबा आणि माझा नवरा. बाई हातवारे करून समजावत होत्या, एकदा या कुशीवर हात, एकदा त्या कुशीवर. आबा मान हलवत होते. ऐकू काही येत नव्हतं. मला आबांच्या त्या मानेचा आधार वाटला. म्हटलं, आबा आहेत, ते सगळं नीट ऐकून घेतील.

आत्याबाई आल्या तेव्हा खाटेच्या कडेला बसून हळू म्हणाल्या, "पिशवी काढली म्हणं." गाठ म्हणजे पाण्याची पिशवी, तीच काढली होती. पण आमच्याकडं पिशवी म्हटलं की बायकांना एकच पिशवी ठाऊक, गर्भाची. आबा तिथंच उभे होते. ते काही बोलले नाहीत.

मला घेऊन आबा माहेरी आले. आईनं अंथरूण धरलेल्या लेकीची करावी तशी सेवा केली. टाके सुकले, मी भिंतीला धरून चालायला लागले. मग एका सकाळी आबा माझ्याजवळ येऊन बसले. सुमी आत चूल फुंकत होती.

"पोरी," ते म्हणाले, "मन घट्ट कर. तुला आता मूलबाळ व्हायचं न्हाई."

मी विचारलं, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं?"

"व्हय," ते म्हणाले.

मी किती वेळ रडले ते आठवत नाही. आबा तिथून उठले नाहीत. माझं रडणं ओसरल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. सासरची माणसं दुसरं लग्न करायच्या विचारात आहेत. आत्याबाई वाळव्याकडची एक पोरगी बघून आल्या आहेत. परकी आली तर घरात तुझी मोलकरीण होईल. त्यापेक्षा आपली सुमी दिली तर? दोघी बहिणी एका घरात राहाल. तिची पोरं ती तुझीच.

"तू व्हय म्हणलीस तर," आबा म्हणाले. "तुज्या मनाइरुद मी काय करणार न्हाई."

एका बायकोवर दुसरी करू नये असा कायदा तेव्हाही होता. पण गावात कायदा विचारायला कोण जाणार. आणि मला विचारलं होतं ना, माझ्या बापानं माझ्या मनाविरुद्ध करणार नाही म्हटलं होतं. मला वाटलं, मी वांझ, आणि तरी माझा बाप मला विचारतोय. मी त्याच दिवशी हो म्हटलं. सुमीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती खाली मान घालून बसली होती. तिच्या मनात काय होतं, मी विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पाळी आली. मी आईला सांगितलं. आई भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"असंल, ऱ्हायलेलं रगत असंल," ती म्हणाली, आणि परत राख घेऊन घासायला लागली. त्या दिवशी आबा आणि आई परसात बराच वेळ काहीतरी बोलत होते. आई रागानं बोलत होती आणि मग गप्प झाली. नंतर कितीतरी दिवस ती माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती. मला वाटलं, माझ्या दुःखानं.

माघात लग्न झालं. सुमीला हळद मीच लावली. माझ्याच हातानं माझ्या नवऱ्याच्या बायकोला. बायका म्हणत होत्या, काय मोठं मन हाय. मलाही ते खरं वाटत होतं. सासरी गेल्यावर माझं अंथरूण माजघरातून मागच्या सोप्यात गेलं. तेही मीच नेलं, कुणी सांगायच्या आधी. नवरा एकदा गोठ्यात मला एकटी बघून थांबला आणि म्हणाला, "तू लय मोठ्या मनाची हायस." व्हरांड्यात तो आबांच्या शेजारीच उभा होता, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

सुमीच्या हातांवरचे खडीचे घट्टे मऊ पडायला लागले होते. ती माझ्याआधी उठायची, माझ्या वाटणीचं काम करून टाकायची, आणि माझ्यासमोर नवऱ्याशी एक शब्द बोलायची नाही. आम्ही दोघी पाटाच्या पाण्यावर धुणं धुवायला जायचो आणि लहानपणीच्या गोष्टी बोलायचो. नवऱ्याबद्दल कधी नाही. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, सुखाचं घर आहे.

चैत्रात गावच्या जत्रेला मी माहेरी आले, आणि कोइमतूरहून मामा-मामीही आले होते. मामा म्हणजे आईचा भाऊ. मामी उंच, काळीसावळी, मद्राशी पद्धतीनं केसात फुलं माळायची आणि मोठ्यानं बोलायची. झालेलं सगळं तिला गावात आल्यावर कळलं. ती एकटी अशी, जी मला मोठ्या मनाची म्हणाली नाही. तिनं विचारलं, "टाके दाखव." एका टोकाला जखम ओली होती, अधूनमधून दुखायची.

"डाक्टरला दाखवलंस?"

"आबा म्हणाले, गरज नाही."

"आबांच्या पोटाला टाके न्हाईत," मामी म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईला बाजाराला जातो सांगून ती मला सांगलीला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. टाके बघितले, आत राहिलेला दोऱ्याचा तुकडा काढला, मलमपट्टी केली. मग हात धुताना म्हणाल्या, "तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. का नाही आलात? पाळी येते ना नीट?"

"येते," मी म्हटलं.

"मग छान. आता मूल होऊ द्यायला हरकत नाही."

मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. मामीनंच विचारलं, "बाई, हिला मूल हुनार न्हाई न्हवं?"

डॉक्टरीणबाईंनी टॉवेल खाली ठेवला. "कोण म्हणालं असं? गाठ एका बाजूच्या अंडाशयाला होती. ती बाजू काळी पडली होती म्हणून काढावी लागली. दुसरी बाजू चांगली आहे. गर्भाची पिशवी जशीच्या तशी आहे. एका बाजूवर बायकांना मुलं होतात. मी हिच्या वडलांना आणि नवऱ्याला समोर उभं करून सांगितलंय. वडलांनी तर दोनदा विचारलं, खरंच होईल का म्हणून. मी म्हटलं, होईल."

बाहेर बाकावर मामी माझा हात धरून बसली. मी रडले नाही. मला सारखी आबांची ती मान दिसत होती, हलणारी. दोनदा विचारलं होतं त्यांनी. ऐकून, समजून, दोनदा विचारून घेतलं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आबा अंगणात दावं वळत बसले होते. आई उंबऱ्यात होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मामीकडं. दावं हातातच राहिलं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते नाही म्हणाले असते तर मी कदाचित विश्वास ठेवला असता.

"व्हईल म्हणली व्हती," आबा म्हणाले. "व्हईलच असं कुठं लिवून दिलं व्हतं? तीन वरसं झालं न्हवतं. त्यात आता एक बाजू गेली. तुजी सासू थांबणार न्हवती पोरी. दुसरी आनणारच व्हती."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू सुमीला व्हय म्हणली असतीस?"

"नाही."

"मग?" आबा म्हणाले. जणू हिशेब मीच जुळवून दिला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज उतरला. "तू पान्यात गेलीस. तिनं काय जलमभर खडीच फोडायची व्हय? तिचं हात बघितलंस तू. मला दोगी सारख्या. एकीच्या दुखन्यात दुसरीचं भलं हुतंय, असं वाटलं मला. तुला कुनी घराभाईर तर काडलं न्हवतं."

उंबऱ्यातून आई बोलली. "मी म्हणलं व्हतं ह्यास्नी. नका म्हणलं व्हतं."

मी तिच्याकडं वळले. "मला म्हणाली असतीस ना आई."

तिनं पदर तोंडात घेतला. मी पुढं विचारलं नाही.

सासरी मी परत गेले नाही. नवरा एकदा न्यायला आला. अंगणातच उभा राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुज्या बानंच सांगू नगा म्हणलं. मी म्हणलं, तुमची लेक, तुमी बघा." त्याच्या मते त्यात त्याची काही चूक नव्हती. मामांनी चार माणसं बसवून काडीमोड करून घेतली. काही जण म्हणाले, बहीणच हाय की, जरा दमानं घ्यायचं. मामी त्यांना म्हणाली, "तुमी घ्या दमानं. ही चालली माज्याबरूबर." आणि आबांनी ट्रंक डोक्यावर घेतली.

कोइमतूरला पहिले महिने मी फक्त ऐकत होते. मामांचं दुकान सराफांच्या गल्लीत, पुढं भट्टी, मागं दोन खोल्या. कोळसा आणि तेजाबाचा वास कपड्यांत, केसांत, भातातसुद्धा. आसपास सगळं तमिळ. भाषा कळत नाही याचं मला दुःख नव्हतं, उलट बरं वाटायचं. गावात बाईनं तोंड उघडलं की पुढचा प्रश्न ठरलेला. इथं बायका काय विचारतात तेच कळत नव्हतं. मी नुसती मान हलवायची, आणि त्याही हसायच्या. एकदा बाजारात पोत्यात ज्वारी दिसली. दुकानदार त्याला चोळम म्हणत होता. मी ओंजळीत घेतली, वास घेतला. त्या दिवशी केलेली भाकरी गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांत थोडी थोडी गेली.

मामांच्या भट्टीवर रघुनाथ नावाचे एक कारागीर होते, विट्याकडचे. त्यांची बायको बाळंतपणात गेली होती. मामीनं विषय काढला तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, कुठली बाजू काढली, कुठली राहिली, तेही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मूल झालं तर झालं. दिवसभर भट्टीपाशी बसल्यावर घरात कुनीतरी बोलनारं पायजे, एवढंच." आमचा पाट, म्हणजे दुसरेपणाचं लग्न, लागला, देवळात, मोजक्या माणसांत. माझ्या माहेरचं कुणी नव्हतं. मीच नको म्हटलं होतं.

दोन वर्षांनी नंदा झाली. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या पोटावरचा व्रण बघून काहीतरी विचारलं. तोवर मला पुरेसं तमिळ येत होतं. मी म्हटलं, ओरु पक्कम इल्लै. एक बाजू नाही.

नंदा रांगायला लागली तेव्हा मामा गावी गेले होते आणि परत येताना आबांना घेऊन आले. मला न विचारता. आबा दारात उभे, हातात पिशवी, पिशवीत मटकी आणि ज्वारीचं पीठ. खूप वाकले होते. मी या म्हटलं. पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला वाढलं. दोन दिवस ते भिंतीला टेकून बसत आणि गल्लीकडं बघत. त्यांना इथलं काही कळत नव्हतं, आणि माझ्याशी काय बोलावं तेही.

निघायच्या दिवशी मी भाकरी थापत होते. नंदा रांगत रांगत त्यांच्याकडं गेली आणि त्यांच्या धोतराला धरून उभी राहिली. पहिल्यांदाच उभी राहिली. आबांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "डाक्टरीनबाई खरं बोलली व्हती."

मी तव्यावरची भाकरी उलटली. हे वाक्य ऐकलं की आतलं काहीतरी सैल होईल असं मी किती वर्षं समजत होते. तसं झालं नाही. मला एवढंच वाटलं की हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. मी त्यांच्यासाठी वाटेच्या भाकरी बांधून दिल्या आणि स्टेशनवर रघुनाथांना पाठवलं. मी गेले नाही.

आबा वारल्याची तार आली तेव्हा मात्र मी गेले. दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचले. सुमी दारातच भेटली. तिला दोन मुलगे आणि एक मुलगी. धाकटा तिच्या कडेवर होता. ती भरली होती अंगानं, हात मऊ, मनगटात बांगड्या. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो नाही. तिनं माझ्या हातातलं सामान घेतलं, मी तिच्या कडेवरचं मूल घेतलं, आणि आत गेलो.

सगळी कार्यं उरकल्यावर, मी निघायच्या दिवशी, आम्ही दोघीच परसात तांदूळ निवडत होतो. सुमी तांदळातले खडे वेचून बाजूला टाकत होती. मग खाली बघत म्हणाली, "आक्का, तू मला कवाच इचारलं न्हाईस."

"काय?"

"मला ठावं व्हतं का न्हाई ते."

माझा हात सुपात थांबला. हा प्रश्न मी मनात इतक्या वेळा विचारला होता की त्याची दोन्ही उत्तरं मला पाठ होती. आबांनी फसवलं, आई गप्प राहिली, नवऱ्यानं हात झटकले. त्या सगळ्या घरात एक सुमीच अशी उरली होती, जिच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. आणि तिनं आता सांगितलं असतं. सांगायलाच बसली होती ती.

"सांगू नको," मी म्हटलं.

"आक्का..."

"सुमे, मला परत यायचंय कधीतरी. कुणाकडं येऊ मग?"

ती रडायला लागली. ते कशाचं रडणं होतं, तेही मी विचारलं नाही. मी तिच्याजवळ सरकले आणि आम्ही उरलेले तांदूळ निवडून टाकले.

तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी मी जाते. सुमीच्याच घरी उतरते. होय, त्याच घरी, मलकापूरच्या पुढं. तिचा नवरा मला बघून बाहेर जातो, आणि मी त्याला जाऊ देते. कोइमतूरला माझं घर आहे, माणूस आहे, मुलगी आहे. तिथं माझ्यापासून कुणी काही लपवत नाही, आणि मी निर्धास्त झोपते. पण गल्लीतल्या बायका विचारतात, गावाकडं तुझं कोण आहे गं, तेव्हा मी म्हणते, बहीण आहे. ते म्हणताना दर वेळी छातीत थोडं दुखतं, आणि तरी मी तेच म्हणते.